त्या गुरुवारी दहा वाजता

चित्रबाई उठून उभ्या राहिल्या तेव्हा तिला वाटलं, खिडकी ओढून घ्यायला उठल्या असतील. वाऱ्यानं गीतपुस्तकांची पानं आपोआप उलटत होती आणि तिच्या डोळ्यांवर थोडी गुंगी आली होती, रविवारी सकाळी चर्चमधल्या उपासनेत पाठीला ऊन लागलं की येते तशी. साक्ष द्यायची वेळ होती. कुणाला काही सांगायचंय का, असं पाळकांनी विचारलं होतं आणि सगळे नेहमीसारखे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले होते. पण चित्रबाई खिडकीकडे गेल्या नाहीत. त्यांनी पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून त्यांचा आवाज शेवटच्या रांगेच्या मापाचा झाला होता. डाव्या डोळ्यावर कापसाची चौकोनी घडी चिकटवलेली होती, आणि उरलेल्या एका डोळ्यानं त्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या, वही कुणी आणली नाही ते तपासावं तशा.

"गुरुवारी दहा वाजता माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं," त्या म्हणाल्या. "मी फार घाबरले होते. टेबलावर निजवलं, वरचा दिवा लावला, आणि बरोबर दहा वाजता कुणीतरी कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटलं. ऊबदार हात. डॉक्टरांच्या हातात तर रबरी मोजे होते. मला लगेच कळलं, ही आपल्या प्रार्थनाताईंची प्रार्थना. त्यांनी मला शब्द दिला होता. देवाचे आभार मानते, आणि त्यांचेही."

माना तिच्याकडे वळल्या. सगळ्या चेहऱ्यांवर एकच हसू होतं, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट कुणी मोठ्यानं बोललं की येतं ते. आणि तिनं मान लववली. किंचित. कुणी आभार मानल्यावर माणूस लववतो तेवढीच. पापणी मिटून उघडायला लागतो तेवढा वेळ, आणि मग जिना उतरताना आणखी एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी तसं झालं. कारण गुरुवारी दहा वाजता तिनं प्रार्थना केली नव्हती. गुरुवारी दहा वाजता तिला चित्रबाई आठवल्याही नव्हत्या.

घरी परतताना नवरा खुशीत होता. गायनमंडळात तो सगळ्यांत खालच्या पट्टीत गातो म्हणून त्याला सगळे खर्ज म्हणत; बोलायलाही लागला की आवाज जमिनीतून आल्यासारखा यायचा. "आज तुझं नाव झालं बुवा," तो म्हणाला. रस्त्यावर सगळीकडे रविवारचं सैल ऊन पडलेलं होतं, एका गॅलरीत कुणी पांढऱ्या चादरी झटकत होतं आणि त्या चादरी इतक्या सावकाश हवेत फुगत होत्या की आवाज नंतर, दुसऱ्याच कुठल्या दिवसातून येत असल्यासारखा वाटत होता. ती मनातल्या मनात गुरुवार उलगडत होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, एकवीस वर्षं. गुरुवारी सकाळी एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या चष्म्याची काडी कानामागे टोचते म्हणून ती गरम वाळूच्या डब्यात धरून वाकवत होती. मागच्या खोलीत भिंगं घासणारा कारागीर, ज्याला दुकानात भिंगवाला म्हणायचे, आपल्या सासऱ्यांची गोष्ट सांगत होता. सासऱ्यांनी दोन दिवस बायकोचा चष्मा घातला आणि दोन दिवस सगळ्यांना सांगत राहिले की जग अचानक फार मोठं झालंय. ती हसली होती. इतकी हसली होती की काडी वाळूत जास्त वेळ राहिली आणि टोकाशी पांढुरकी पडली. तेव्हा तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं, काडी किती वेळ तापली ते कळावं म्हणून. दहा वाजून चार मिनिटं. एवढं स्वच्छ आठवत होतं. म्हणजे वचनाची वेळ तिच्या डोळ्यांसमोरून गेली होती आणि तिनं ती ओळखलीही नव्हती.

आणि वचन तरी कसं दिलं होतं. चित्रबाई आदल्या सोमवारी दुकानात आल्या होत्या, फ्रेमचा स्क्रू सैल झाला म्हणून. ती स्क्रू पिळत होती तेव्हा त्या हळूच म्हणाल्या होत्या, "डोळ्याचा पडदा सुटलाय म्हणतात. गुरुवारी दहाला घेणार आहेत. त्या वेळी माझ्यासाठी प्रार्थना कराल?" आणि ती म्हणाली होती, "करते ना." स्क्रूवरची नजर न हलवता. 'करते ना' हे शब्द तिच्या तोंडातून असे निघायचे, जशी दाराची कडी पडते. वर्षानुवर्षं ती ते म्हणत आली होती. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाचा संधिवात, कुणाचा परगावी गेलेला भाऊ. करते ना. करते ना. आणि लोक हलके होऊन जायचे. तिच्याकडे काहीतरी ठेवून गेल्यासारखे. ते ठेवलेलं ती उचलून आत नेते की तिथंच उंबऱ्यावर पडू देते, ते कुणी मागे वळून बघत नव्हतं.

खरं तर प्रार्थनाताई हे नाव तिचं नव्हतंच; लोकांनी ते तिच्या आईला दिलेलं होतं. आई गुडघे टेकायची तेव्हा घरातलं सगळं सावकाश व्हायचं. पलंगाच्या कडेला कपाळ टेकवून ती नावं घ्यायची, पुटपुटत, एकामागून एक, शेजारपाजारची, मंडळीतली, दूधवाल्याचं, ज्यांच्याशी भांडण झालंय त्यांचंसुद्धा, आणि लहानपणी ती पलंगावर त्या कपाळापासून वीतभर अंतरावर झोपलेली असायची. नावांच्या त्या पुटपुटीत झोप यायची. झोपेत नावं बदलून जायची, माशांची व्हायची, गावांची व्हायची, पाण्याखालून घंटा वाजल्यासारखी ऐकू यायची. आईनं आपलं नाव कधी घेतलं ते तिला कधीच कळलं नाही. ते नेहमी शेवटी येत असावं आणि तोवर ती झोपलेली असायची. आईच्या मागं लोकांनी आपसूक तिला विचारायला सुरुवात केली, जसं एखाद्या दुकानाचा मालक बदलला तरी गिऱ्हाईक तिथंच येत राहतं.

पण आईचं शेवटचं दीड वर्ष लोकांना ठाऊक नव्हतं. आई विसरायला लागली होती. आधी भांडी, मग दिवस, मग माणसं. ते सगळं तिनं सोसलं. एका दुपारी तिनं आईला पलंगाच्या कडेला बसवलं, हात जोडून दिले आणि म्हणाली, "म्हण आई, हे स्वर्गातल्या बापा." आई तिच्याकडे बघत राहिली. चेहरा अगदी शांत, धुतलेल्या ताटलीसारखा. "कुणाचे बाबा?" आई म्हणाली. "माझे बाबा तर केव्हाच गेले की." मग सभ्यपणे, परक्या घरी विचारावं तसं विचारलं, "तुमचे आहेत का?" त्या दुपारी ती आईला घेऊन खोलीत बसून राहिली होती. पडद्याची सावली भिंतीवर हलत होती. सत्तर वर्षं ज्या नावानं रोज हाक मारली, तेच या बाईच्या आतून पुसलं गेलं होतं, फळ्यावरून पुसावं तसं, मागं नुसती खडूची धूळ. आणि तिला भीती वाटली. आई मरेल याची नव्हे. ती भीती कुठल्याच प्रार्थनेत मांडता येण्यासारखी नव्हती, कारण जिच्याबद्दल भीती होती ती गोष्ट प्रार्थनाच होती. त्यानंतर ती एकटी कधी गुडघ्यावर बसली नाही. तिनं तसं ठरवलं नव्हतं. उपासनेला जात होती, स्तोत्रं म्हणत होती, प्रभुभोजन घेत होती, 'करते ना' म्हणत होती. फक्त पलंगाच्या त्या कडेला ती वळसा घालून जायची, जिथं फरशी उखडलीये हे पायांना माहीत असतं तसा. आणि हे सहा वर्षं चाललं होतं, हे तिला या रविवारी, चादरी झटकणाऱ्या गॅलरीखालून जाताना, पहिल्यांदा मोजून कळलं.

त्या साक्षीनंतर विनंत्या वाढल्या. लोक दुकानात यायला लागले. चष्मा पुसायचं कापड घ्यायला म्हणून येत आणि काउंटरवर कोपरं टेकून आवाज खाली आणत. ती 'करते ना' म्हणायची आणि शब्द जिभेवर कडू लागायचा, गोळी विरघळायच्या आत गिळली नाही की लागतो तसा. आता ती खरंच प्रयत्न करत होती. दुपारी घरी कुणी नसताना ती पलंगाशी गुडघे टेकायची. डोळे मिटले की आत अंधार नसायचा, एक करडा उजेड असायचा, धुक्यातल्या मैदानासारखा, आणि त्या मैदानात ती एका नावाचं बोट धरून उभी राहायची आणि पुढं कुठं जायचं ते कळायचं नाही. स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरायचा. बटाटे संपलेत. त्या बाईंचा नंबर मायनस दोन की अडीच. कुणाशी बोलतोय आपण. एकदा तिला वाटलं, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं आहे आणि वाट बघतंय. पण तेही कदाचित झोपच होती. ती उठली तेव्हा गुडघ्यांवर चादरीच्या शिवणीचे वळ उठले होते.

"तुम्ही प्रार्थना करता का हो?" तिनं एका संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो बुटांना पॉलिश करत होता.

"मी?" खर्जानं ब्रश थांबवला. "अगं, मी ते तुझ्यावर सोपवलंय. घरात एक जण करतंय ना. मी आपला गातो."

"आणि मी करत नसेन तर?"

"तर मग आपलं काही खरं नाही," तो हसून म्हणाला आणि दुसरा बूट उचलला. त्याला वाटलं, ती गंमत करतेय. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता, आणि प्रत्येक दिव्यामागं कुणीतरी कुणावर तरी काहीतरी सोपवून निवांत बसलेलं असेल असं तिला वाटलं, एकावर एक, थेट वरपर्यंत.

मग पाळक आले. दुकानातच आले, वाचायच्या चष्म्याची तार वाकली म्हणून, आणि तार सरळ करून होईपर्यंत म्हणाले, "बायकांच्या शुक्रवारच्या सभेत तुम्ही बोलावं असं वाटतं. प्रार्थना कशी करावी, यावर. पुस्तकातलं नको. तुम्ही कशी करता तेवढंच सांगा." हे पाळक वयानं तिच्याहून लहान होते, अंगानं बारीक, आणि बोलताना समोरच्याला उत्तर द्यायला भरपूर जागा सोडायचे. त्या जागेत ती नाही म्हणू शकली असती. ती म्हणाली, "बघते." त्यांनी ते हो म्हणून घेतलं. मागच्या खोलीत चाकावर भिंग घासलं जात होतं, पाण्याची चिळकांडी उडत होती, आणि तो आवाज तिला इतका वेळ दातांत जाणवत राहिला की पाळक गेल्याचंही तिच्या उशिरा लक्षात आलं.

चित्रबाई ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात आल्या. डावा डोळा उघडा, थोडा लाल, पण जागा. नवा नंबर घ्यायचा होता. ती त्यांना आरशासमोरच्या स्टुलावर बसवून बुबुळांमधलं अंतर मोजायला बसली. हे करताना दोन माणसांचे चेहरे इतके जवळ येतात की एरवी घरातलंच माणूस तेवढं जवळ येईल. एकमेकांचा श्वास लागतो, आणि बोलायचं नाही असा अलिखित नियम असतो. नाकावर पट्टी टेकवून ती म्हणाली, "माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा." चित्रबाईंनी बघितलं. आणि नियम मोडून म्हणाल्या, "उजवाही सुटतोय. पुढच्या महिन्यात तोही. पण या वेळी मी डॉक्टरांना सांगून टाकलं, मला अजिबात भीती नाही. माझी ताई आहे."

पट्टीवरच्या बारीक रेघा तिच्यासमोर एकमेकींत मिसळल्या. तिला वाटलं, आता आपण आकडा लिहून घेऊ, करते ना म्हणू, आणि पुढच्या महिन्यात खरंच करू, आणि सगळं ठीक होईल. सोपं होतं. समोर तो बरा झालेला डोळा होता, बाहुलीभोवती तपकिरी, आणि तो तिच्याकडे बघत होता, तिनं सांगितलं तसा, तिच्याच डाव्या डोळ्यात.

"बाई," ती म्हणाली, "मी त्या गुरुवारी प्रार्थना केली नव्हती."

चित्रबाई हलल्या नाहीत. पट्टी अजून नाकावर होती.

"विसरले मी. दहा वाजता मी इथं होते. हसत होते. तुम्ही उपासनेत उभ्या राहिलात तेव्हा मला आठवलं, आणि मी तेव्हाही बोलले नाही. मान हलवली."

"विसरलात," चित्रबाई म्हणाल्या.

"हो."

"मी त्या टेबलावर होते," चित्रबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही विसरलात." त्यांचा आवाज या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत गेला नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी बाजूला केली, पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या, दार ओढायचं की ढकलायचं याचा घोटाळा झाला, ढकललं, आणि गेल्या. ती हातात पट्टी धरून बसली. भिंगवाला मागच्या दारात येऊन विचारत होता, अंतर किती लिहू. तिनं मोजलंच नव्हतं.

त्याच दिवशी ती पाळकांकडे गेली. त्यांच्या छोट्या कचेरीत दोनच खुर्च्या होत्या आणि एकीवर कागदांचे गठ्ठे. "मला शुक्रवारी बोलता येणार नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "मला प्रार्थना करता येत नाही. सहा वर्षं झाली. लोकांना हो म्हणते आणि करत नाही." बोलता बोलता तिला वाटलं, आता आपण रडू, पण रडू आलं नाही, उलट अंगात एक प्रकारची थंड, कोरडी सफाई आली, खोली रिकामी केल्यावर येते तशी. पाळकांनी गठ्ठे उचलून जमिनीवर ठेवले. ती बसली.

"इतके दिवस मला काय वाटायचं सांगू?" ते म्हणाले. "मला हेवा वाटायचा तुमचा. मी दर शनिवारी दुपारी इथं बसतो आणि मला कळत नाही, उद्या उभं राहून जे म्हणायचंय ते मी कुणाला म्हणतोय. मग म्हणतो, प्रार्थनाताई करत असतील."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग दोघांनाही हसू आलं, आधी तिला, चोरून, आणि मग त्यांना; लहान खोलीत कोंडलेलं, थोडं लाजलेलं हसू. "मग करायचं काय आता?" ती म्हणाली. "मला माहीत नाही," पाळक म्हणाले. "मी सकाळी सात मिनिटं करतो. घड्याळ लावून. येवो न येवो. पाच केली होती आधी, पाचात आळस करायला जागाच राहत नव्हती, म्हणून सात."

तीही सात मिनिटं करू लागली. पलंगाच्या कडेला. पहाटेचा उजेड पडद्यातून दुधासारखा आत यायचा, खर्ज पाठमोरा झोपलेला असायचा आणि त्याच्या घोरण्यातही एक खालचा सूर असायचा. तिच्याजवळ मांडायला काही नव्हतं. ती फक्त म्हणायची, मी आलेय. पहिले काही दिवस ते इतकं खोटं वाटायचं की आपलाच आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा यायचा. मग ती चित्रबाईंचं नाव घ्यायची आणि तिला दार दिसायचं, ओढायचं की ढकलायचं याचा घोटाळा झालेलं, आणि त्यांची पाठ. ती पाठ घेऊन ती करड्या मैदानात उभी राहायची. मैदान संपत नव्हतं. मधेच बटाटे. मधेच दुकानाची किल्ली. परत पाठ. एका सकाळी तिला जाणवलं की सात मिनिटं होऊन गेली आहेत आणि आपण घड्याळ बघायचं विसरलो. तेवढंच. बाकी काही झालं नाही. पण दिवसभर ते तिच्या खिशात होतं, उन्हात तापलेल्या गुळगुळीत खड्यासारखं.

तीन आठवड्यांनी चित्रबाई पुन्हा आल्या. दारातच थांबल्या, आत आल्या नाहीत. "मी तुमच्यावर खूप रागावले होते," त्या म्हणाल्या. "अजून आहे राग. पण मला एक गोष्ट झोपू देत नाही. तुम्ही प्रार्थना केली नव्हती, तर मग तो हात कुणाचा होता?"

ती काउंटरच्या मागं उभी होती. हातात कुणाच्या तरी चष्म्याचं एक सुटं भिंग होतं.

"हात होता," चित्रबाई म्हणाल्या. "मी कल्पना करणाऱ्यांतली नाही. तीस वर्षं मुलांना सांगत आलेय, दिसतं ते काढा, वाटतं ते नको. कपाळावर हात होता."

"असेल," ती म्हणाली. आणि मग, स्वतःच्याच शब्दानं दचकून, "होता. माझ्याशिवाय होता." ते म्हणताना तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, पायाखालच्या जमिनीतून पाणी झिरपावं तसं, एक विलक्षण सुख. म्हणजे तिच्या विसरण्यानं काही अडलं नव्हतं. ती काडी तापवत हसत होती तेव्हाही तिकडं त्या टेबलावर कुणीतरी जागं होतं. सहा वर्षं ती स्वतःला दार समजत आली होती, बंद पडलेलं, आणि लोक त्या दारातून जातच नव्हते. भिंतच नव्हती तिथं. चित्रबाई तिच्याकडे रोखून बघत होत्या. "येताय का मग तुम्ही हॉस्पिटलात?" त्या कोरडेपणानं म्हणाल्या. "बुधवारी. अकराला आहे. नुसत्या बाहेर बसा. घरून केलेलं मला कळत नाही."

बुधवारी ती हॉस्पिटलच्या लांब मार्गिकेत बसली. फरशी इतकी घासलेली की छताचे दिवे तिच्यात बुडालेले दिसत होते आणि नर्सेस त्या दिव्यांवरून चालत जायच्या. अकरा वाजता तिनं डोळे मिटले. तिनं मागितलं, साध्या शब्दांत, डोळा बरा होऊ दे. पुन्हा मागितलं. मन भरकटलं, परत आणलं; कुत्र्याला फिरवून आणावं तसं, न रागावता. बाराला तिला कळलं की आपण मागणं थांबवलंय आणि नुसत्या बसून आहोत, आणि त्या बसण्यात आणखी कुणीतरी आहे. चेहरा नाही, आवाज नाही. बाकावर शेजारी कुणी बसलं की बाक थोडा दबतो, तेवढंच. तिला मान वळवून बघावंसं वाटलं नाही.

उजव्या डोळ्याला यश आलं नाही. महिन्याभरानं पट्टी पूर्ण निघाली तेव्हा त्या डोळ्याला उजेड कळत होता आणि मोठे आकार कळत होते, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढं एवढंच. चित्रबाईंनी हे दुकानात येऊन सांगितलं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. ती मागच्या खोलीत डबा उघडून बसली होती. भिंगवाला बाहेर पान चघळायला गेला होता.

"या वेळी केली होती ना?" चित्रबाईंनी विचारलं.

"केली होती. दीड तास."

"मला काही जाणवलं नाही. हातबित काही नाही. नुसता दिवा. आणि भीती. सगळा वेळ भीती." त्यांनी डावा डोळा झाकला आणि उजव्यानं तिच्याकडे बघितलं. "तुम्ही ओल्या कागदावर रंग पसरावा तशा दिसता. कडा नाहीत तुम्हाला."

पूर्वी तिनं म्हटलं असतं, देवाची इच्छा, आणि डब्याचं झाकण लावलं असतं. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही. चित्रबाई चाकाशेजारच्या स्टुलावर बसल्या. खिडकीतून ऊन घासलेल्या काचेच्या भुकटीवर पडलं होतं आणि भुकटी हवेत तरंगत होती.

"अजून करता रोज?" चित्रबाईंनी विचारलं.

"करते. वाईट करते. मधेच बटाटे आठवतात."

"आणि तुमच्यासाठी कोण करतं?"

तिला प्रश्न नीट कळला नाही. "माझ्यासाठी?"

"हो, तुमच्यासाठी. सगळे तुम्हाला सांगतात. तुम्ही कुणाला सांगता?"

ती विचार करत राहिली. नवरा गातो. पाळक सात मिनिटं. आणि त्यांच्या आधी फक्त एक जण होतं, पलंगाच्या कडेला. "कुणाला नाही," ती म्हणाली.

"मग सांगा. काय मागू? मला फार येत नाही, आधीच सांगते."

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली आणि कपाटातली भिंगं बारीक किणकिणली. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "माझी आई शेवटी सगळं विसरली होती. प्रार्थनाही. देव कोण तेही. मीही विसरेन. मग काय राहील?" हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ते एवढंसं वाटलं, दोन हातांत मावेल एवढं, आणि तितकंच जड.

चित्रबाईंनी डोळे मिटले, चांगला आणि वाईट दोन्ही. वर्गात सूचना द्याव्या तशा, आवाज न चढवता, त्या बोलल्या. "प्रभू, ही बाई घाबरली आहे. हिच्या आईला तू ओळखत होतास, तिला काही आठवत नव्हतं तेव्हाही ओळखत होतास. ही तुला विसरली, तर तू हिला विसरू नकोस. एवढंच. आणि माझ्या डोळ्याचं मला वाईट वाटतं, तेही ऐकून ठेव. आमेन."

ती आमेन म्हणाली की नाही ते तिला नंतर आठवलं नाही. हात कधी एकमेकींच्या हातात गेले तेही नाही. तिला एवढंच कळत होतं की आपल्यासाठी मागितलं गेलं तेव्हा या वेळी आपण जाग्या होतो.

दुकानाच्या दाराची घंटी वाजली. ती उठली, ओल्या तोंडावरून हात फिरवला आणि बाहेर आली. एक वयस्क गृहस्थ काउंटरशी उभे होते, चष्म्याची एक काडी हातात, उरलेला चष्मा नाकावर एका बाजूला लोंबकळत.

"सुट्टी आहे का?" ते म्हणाले.

"नाही, द्या इकडे."

त्यांनी चष्मा काढून दिला. चष्म्याविना त्यांचा चेहरा एकदम उघडा पडला. डोळे बारीक करून ते तिच्या दिशेनं बघत राहिले, ती जिथं नव्हती तिथं, थोडं उजवीकडे.

"दहा मिनिटं लागतील," ती म्हणाली. "बसा. कुठं जाऊ नका."

"दिसतच नाही," ते म्हणाले, "जाणार कुठं?" आणि हातानं चाचपत खुर्ची शोधून शांतपणे बसले.